गोष्टीतल्या लांडग्याची वंशावळ

मराठी घरातल्या मुलाची लांडग्याशी पहिली गाठ पडते ती एका खोट्या बातमीतून. मेंढरं राखणारा पोरगा कंटाळतो, ‘लांडगा आला रे आला’ म्हणून ओरडतो, गावकरी धावत येतात आणि फसतात. खरा लांडगा येतो तेव्हा कुणीही येत नाही. खोटं बोलू नये, एवढं मूल यातून शिकतं. पण लांडग्याबद्दल काय शिकतं? तो येतो आणि खातो. गोष्टीला त्याच्याकडून याहून जास्त काही नकोच असतं. पोराच्या खोटेपणाची किंमत वसूल करायला कुणीतरी हवं, ते काम लांडग्याच्या गळ्यात पडलेलं आहे.

हे काम त्याच्या गळ्यात कुणी घातलं, आधी त्याच्याकडे दुसरी कामं होती का, आणि आज काही देशांतल्या शाळांतून ‘लांडगा वाचवा’ असे धडे शिकवले जातात ते कुठून आले, याचा माग काढत गेलं तर वाट बरीच मागे जाते.

छापील मराठीपुरतं बोलायचं, तर लांडगा पहिल्या पंगतीचा मानकरी आहे. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेला तो इसाप. पुढे मुंबईत १८२८ साली सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीती’ आली आणि शाळाशाळांतून पसरली. मुलांना अक्षरओळखीबरोबर नीती शिकवायची हा त्या काळच्या शिक्षणाचा बेत होता आणि त्यासाठी इसाप आयताच हाती होता. इसापाबरोबर त्याचे लांडगेही आले. झऱ्यावर पाणी पिणाऱ्या कोकराशी भांडण उकरून काढणारा, घशात अडकलेलं हाड काढून देणाऱ्या बगळ्याचे उपकार विसरणारा, मेंढीचं कातडं पांघरून कळपात शिरणारा. या सगळ्या गर्दीत एकच लांडगा ताठ मानेचा आहे. पाळीव कुत्र्याच्या गळ्यावरचा पट्ट्याचा वण पाहून तो चांगल्या जेवणावर पाणी सोडतो आणि उपाशीपोटी रानात परततो. नीतिपाठांत हा लांडगा मात्र फारसा पुढे आला नाही.

इसाप हिंदुस्थानात जिथे जिथे गेला तिथे त्याने स्थानिक वेश घेतला. बंगाली मुलं मेंढपाळ पोराची हीच गोष्ट वाघाची म्हणून ऐकतात. मराठीत लांडगा टिकला, आणि त्यात नवल नाही. दख्खनच्या माळावर धनगराच्या कळपामागे खरोखर तोच असायचा, अजूनही असतो. ग्रीसमधून इंग्रजीमार्गे आलेल्या या जनावराला इथे नवीन नाव घ्यावं लागलं नाही आणि नवीन पत्ताही.

पण इसाप येण्याआधी आपल्याकडे लांडग्याच्या गोष्टी नव्हत्या असं नाही. त्या होत्या आणि पुष्कळ वेगळ्या होत्या.

सगळ्यांत जुनी ऋग्वेदात, पहिल्या मंडलातल्या अश्विनांच्या सूक्तांत आहे. ऋज्राश्व नावाचा तरुण एका लांडगीला शंभर मेंढे कापून खाऊ घालतो. एका ऋचेत ते एकशे एक आहेत. बाप चिडतो आणि पोराचे डोळे काढून घेतो. मग ती लांडगीच अश्विनांना हाक मारते, या आंधळ्याचं भलं करा म्हणते, आणि अश्विन त्याला दृष्टी परत देतात. मेंढरांचं नुकसान, मालकाचा राग आणि उपकार जाणणारी लांडगी ही तिन्ही या एकाच गोष्टीत आहेत, आणि कुणाचंही म्हणणं खोटं ठरवलेलं नाही. त्याच सूक्तांत अश्विन लांडग्याच्या जबड्यातून एका लाव्याची सुटकाही करतात. म्हणजे भीती होतीच, पण भीतीखेरीज आणखीही काही होतं.

पंचतंत्रात लांडगा थोडा खाली उतरतो. सिंहाच्या दरबारात क्रव्यमुख नावाचा लांडगा नोकर आहे, आणि चतुरक नावाचा कोल्हा त्याला सहज गंडवतो. महाभारतात कणिक धृतराष्ट्राला राजनीती शिकवताना जी गोष्ट सांगतो तिच्यातही कोल्हा वाघ, उंदीर, मुंगूस यांच्याबरोबर लांडग्यालाही पिटाळून सगळं मांस एकटा खातो. आपल्या नीतिकथांतला धूर्त कोल्हाच राहिला, लांडग्याच्या वाट्याला भूक आली. भीमाला वृकोदर म्हणतात ते याच भुकेवरून.

आणि मग हरिवंशातली गोष्ट. मुलांना लांडगा शिकवायचा असेल तर आपल्या परंपरेत याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही, तरीही ती फारशी कुणाला ठाऊक नाही. कृष्ण-बलराम सात वर्षांचे झाले आहेत. कृष्ण बलरामाला म्हणतो, इथलं रान आता संपलं. गवत गुरांनी चरून टाकलं, झाडं माणसांनी तोडली, जिथे दाट वनं होती तिथे आता मोकळं आकाश दिसतं. आता वृंदावनाला जायला हवं. पण गोकुळातली माणसं बसलेली जागा सोडायला तयार होणार कशी? तेव्हा कृष्ण आपल्या अंगावरच्या रोमांतून लांडगे उत्पन्न करतो. ते पाचापाचांच्या, दहादहांच्या, वीसवीसांच्या टोळ्यांनी व्रजाभोवती फिरू लागतात, वासरं उचलतात, रात्री मुलंही पळवतात. चार दिवसांत गवळ्यांची खात्री पटते. गाड्या जुंपल्या जातात, गुरं हाकली जातात आणि अख्खा व्रज वृंदावनाकडे निघतो.

चरून चरून उजाड झालेली जमीन, तिथून न हलणारे कळप, आणि त्यांना हलवायला लांडगे. आज परिस्थितिविज्ञानाच्या वर्गात भक्ष्यकाचं काम म्हणून जे सांगतात, त्याचा गाभा इथे आहे. पुढे भागवताने हीच कथा सांगितली तेव्हा लांडगे वगळले. तिथे एकामागून एक उत्पात होतात म्हणून वृद्ध उपनंद जागा बदलायचा सल्ला देतो आणि सगळे निघतात. आपल्या कीर्तनांत, बालकथांत आणि चित्रांत आला तो भागवतातला कृष्ण, म्हणून लोणी, कालिया आणि गोवर्धन घरोघरी पोचले आणि लांडगे हरिवंशाच्या पोथीत राहिले. त्यांनी रिकामी केलेल्या जागेवर इसापाचा लांडगा येऊन बसला.

तिकडे युरोपात लांडग्याची बदनामी पद्धतशीर चालू होती. शार्ल पेरॉच्या १६९७ च्या संग्रहात लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी तीच गोष्ट सांगताना शिकारी आणला, लांडग्याचं पोट फाडलं आणि आजी-नात दोघी जिवंत बाहेर काढल्या. मुलांची झोप उडू नये याची सोय झाली, पण लांडग्याला मारणारा माणूस आता गोष्टीचा नायक झाला. तीन डुकरांची गोष्ट इंग्लंडातून जगभर गेली आणि १९३३ साली डिस्नेच्या कार्टूनने तिच्यातला दुष्ट लांडगा पडद्यावर नाचवला. या भीतीला आधार नव्हता असं म्हणता येणार नाही. १७६४ ते १७६७ या काळात फ्रान्सच्या जेव्होदाँ भागात लांडग्यासारख्या जनावराने कित्येक माणसं, त्यांतही गुरं राखणारी मुलं, मारली होती. फरक एवढाच की असल्या प्रसंगांतून पुस्तकांनी एका जनावराचा गुन्हा उचलला आणि तो सगळ्या जातीच्या नावावर चढवला.

इंग्रजी अमलात हा हिशेब सरकारी खात्यात आला. लांडगा मारून आणा आणि बक्षीस घेऊन जा. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी बक्षिसांच्या नोंदींवरून मांडलेला अंदाज असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. वाघ-बिबट्यांच्या शिकारीच्या कहाण्या आपण आवडीने वाचल्या. त्या दोघांपैकी कुणाहीपेक्षा जास्त संख्येने लांडगा मेला, पण त्याच्या शिकारीत मिरवण्यासारखं काही नव्हतं. विष घालून किंवा बिळातली पिल्लं उकरून काढून मारलेल्या जनावराबरोबर कुणी छायाचित्र काढून घेत नाही.

गंमत म्हणजे याच पन्नास वर्षांच्या मध्यावर, १८९४ साली, किपलिंगचं ‘जंगल बुक’ आलं. मध्य प्रांतातल्या शिवनीच्या रानातला लांडग्यांचा कळप माणसाचं पोर वाढवतो, त्याला कायदा शिकवतो. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने चाळीसेक वर्षं आधी लिहून ठेवल्या होत्या. त्या खऱ्या-खोट्या कशाही असोत, किपलिंगला बीज मिळालं. बेडन पॉवेलने १९१६ मध्ये लहान मुलांच्या स्काउट पथकासाठी हाच कळप उचलला आणि पथकाच्या प्रमुखाला ‘अकेला’ म्हटलं. लांडगा पहिल्यांदाच शिक्षक झाला. मात्र तोही माणसाच्या शिस्तीचे धडे देणारा, लांडग्याच्या कातड्यातला हेडमास्तर होता. १९३६ साली मॉस्कोत प्रोकोफिएव्हने मुलांना वाद्यांची ओळख व्हावी म्हणून ‘पीटर आणि लांडगा’ रचलं. त्यात लांडग्यासाठी तीन हॉर्न वाजतात, तो बदक गिळतो, पण शेवटी पीटर शिकाऱ्यांना बंदूक चालवू देत नाही. लांडगा जिवंत पकडून वाजतगाजत प्राणिसंग्रहालयात नेला जातो. आज ते फार वाटणार नाही, पण हाती सापडलेल्या लांडग्याला गोष्टीत जिवंत ठेवणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

खरा पालट झाला अमेरिकेत, आणि तोही सगळं संपवून झाल्यावर. १९१५ पासून केंद्र सरकार पगारी माणसं ठेवून लांडगे मारत होतं. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानातही शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. पुढची सत्तर वर्षं तिथे एल्क नावाच्या मोठ्या हरणांना लांडग्यांचा धाक उरला नाही आणि नदीकाठची वाळुंजं, ॲस्पेनची कोवळी रोपं वर येईनात. याचा अर्थ पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्यांत आल्डो लिओपोल्ड होता. तरुणपणी वनखात्यात असताना त्याने स्वतः लांडगे मारले होते. लांडगे कमी तर हरणं जास्त, म्हणजे शिकाऱ्यांचा स्वर्ग, असं तेव्हा तोही मानत होता. १९४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने आलेल्या पुस्तकात त्याने लिहिलं की लांडगे संपल्यावर डोंगर हरणांनी ओरबाडून निघतो, आणि हे कळायला डोंगराएवढं आयुष्य लागतं.

अखेर यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणायचं ठरलं. १२ जानेवारी १९९५. यलोस्टोनच्या उत्तर दारावरची दगडी कमान, बर्फ, आणि शाळेतून सोडलेली गार्डिनर गावातली मुलं दोन्ही बाजूंना उभी. कमानीखालून ट्रेलर आत आला. त्यात कॅनडात पकडलेले लांडगे धातूच्या पेट्यांत बंद होते. मुलांना जनावर दिसलं नसेल, पेट्याच दिसल्या असतील. आणि दिवसभर त्या उघडल्याही नाहीत. शेतकरी-पशुपालकांच्या संघटनेने न्यायालयातून स्थगिती मिळवली होती, ती रात्री उठेपर्यंत लांडगे पेटीतच होते. एका बाजूला हात हलवणारी मुलं आणि दुसऱ्या बाजूला स्थगितीचा कागद: लांडग्याचा नवा धडा पहिल्या दिवसापासून या दोघांच्या मध्ये सुरू झाला. त्या वर्षी १४ आणि पुढच्या वर्षी १७ असे ३१ लांडगे कॅनडातून आणले गेले.

तोवर अमेरिकी शाळांत लांडगा शिकवायची साधनं तयार झाली होती. निसर्गशिक्षण केंद्रं वर्गासाठी पेटी पाठवतात. तिच्यात कवटी, कातडं, पंजाचा प्लास्टरचा ठसा, केसांनी भरलेल्या वाळक्या विष्ठेचा नमुना. आणि एक खेळ, १९८० च्या दशकातल्या ‘प्रोजेक्ट वाइल्ड’ या अभ्यासक्रमातला. मुलांच्या दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. एक रांग हरणांची, दुसरी रानाची. प्रत्येकाने मनाशी ठरवायचं: पोटावर हात म्हणजे अन्न, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हात म्हणजे निवारा. इशारा झाला की वळायचं. हरणाने आपल्यासारखी खूण असलेलं रान पळत जाऊन पकडायचं. पकडलं तर ते रान पुढच्या फेरीत हरीण होतं, नाही सापडलं तर हरीण मरून रानात जमा होतं. दर फेरीला हरणांची संख्या फळ्यावर मांडायची. काही फेऱ्यांनी रान संपतं आणि हरणं एकदम कोसळतात. मग शिक्षक एकदोन मुलांना लांडगा करतात आणि फळ्यावरच्या रेषेचे उंच कडे हळूहळू बसके होत जातात. आठ वर्षांच्या मुलाला हे धापा टाकताना समजतं, व्याख्या नंतर आली तरी चालते.

पण शिकवण्याच्या भरात लांडग्याला पुन्हा एक सोंग चढलं. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मीच याच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ लांडगा, म्हणजे मारामारी करून कळपाचा म्होरक्या झालेला नर, जगभर नेला. ती कल्पना आली होती बंदिस्त जागेत कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून. मीचने स्वतः आर्क्टिक भागात रानातली कुटुंबं पाहिली आणि १९९९ मध्ये सांगितलं की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वर्षांची पिल्लं. अल्फा मात्र अजून प्रेरणादायी भाषणांतून फिरतोच आहे. तसंच यलोस्टोनचं. तिथल्या उत्तर भागातली एल्क १९९४ च्या सुमारास एकोणीस हजारांच्या घरात होती, ती पुढच्या वीस वर्षांत पाच हजारांच्या खाली आली. लांडग्यांनी नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले, असं सांगणारी चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली. शास्त्रज्ञ सावध आहेत: एल्क घटली त्यात अस्वलं, प्यूमा, शिकार आणि दुष्काळ यांचाही हात आहे, आणि वाळुंजं काही ठिकाणी वाढली तर काही ठिकाणी नाहीत. २०१२ मध्ये मीचनेच बजावलं की विज्ञान आता लांडग्याला संत करू पाहतंय. राक्षस काय आणि संत काय, दोन्ही सोंगांत खरं जनावर दिसत नाही.

आता आपल्या माळावर येऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आला. पण देशात उरलेले लांडगे तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि त्यांतले बरेचसे अभयारण्यांच्या बाहेर, पुणे-सोलापूर-अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतल्या कुसळी-मारवेलीच्या माळरानांवर, शेतं आणि वस्त्यांच्या आसपास जगतात. चिंकारा, काळवीट, ससे, उंदीर आणि मेंढरं हा त्यांचा आहार. हा माळ सरकारी दफ्तरात ‘पडीक’ असतो. म्हणून तिथे कारखाना येतो, सौर प्रकल्प येतो, आणि शाळेची मुलं पावसाळ्यात खड्डे खणून झाडं लावायला येतात. ‘झाडे लावा’ हा धडा आपण इतका पक्का केला आहे, की गवताळ माळ हेच एक पूर्ण घर असतं आणि त्यावर रांगेने झाडं लावणं हे त्यातल्या रहिवाशांना उठवणं असतं, हे मुलांना कुणी सांगतच नाही. लांडगा शिकवायचा तर आधी गवत शिकवायला हवं. मोकाट कुत्रीही आता तिथे पोचली आहेत, आपले रोग आणि आपला वंश घेऊन. २०२३ मध्ये पुण्याजवळचा कुत्रा-लांडग्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला.

या माळावर लांडग्याला सगळ्यांत जास्त ओळखतो तो मेंढका. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबं, निघतो, रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवली जातात, भोवती वाघर लावली जाते, कुत्री जागी असतात. ही कुत्रीही मुळात हजारो वर्षांपूर्वी माणसाजवळ सरकलेल्या लांडग्यांचेच वंशज. कोकरू गेलं तर वन खातं भरपाई देतं, लांडगा त्या यादीत आहे. पण रोज गाव बदलणाऱ्या वाड्याने पंचनाम्यासाठी थांबायचं कुठे? या माणसाला वगळून लांडग्याचा महिमा सांगणं म्हणजे ऋज्राश्वाच्या गोष्टीतून बापाला काढून टाकणं. लांडगे हटकून भित्रे असतात असंही मुलांना सांगू नये. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात आणि २०२४ मध्ये बहराइचमध्ये लांडग्यांनी लहान मुलं मारली. हे क्वचित घडतं, कधी आणि का घडतं हे अभ्यासता येतं, आणि जिथे घडतं तिथली भीती खरी असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्यातलं किती सांगायचं हा शिक्षकाने ठरवायचा भाग आहे, पण खोटं सांगायचं नाही एवढं तर त्या मेंढपाळ पोराच्या गोष्टीने आपल्याला शिकवलंच आहे.

दोनशे वर्षांच्या छापील गोष्टींत लांडग्याला आपण सतत कुठल्या तरी कामाला जुंपलं: आधी दुष्टाच्या, मग हेडमास्तराच्या, आता संताच्या. हरिवंश आणि ऋग्वेद या बाबतीत अधिक मोकळे होते. त्यांच्या लांडग्याने वासरं खाल्ली आणि रानही सावरलं, मेंढे खाल्ले आणि ऋणही फेडलं. मुलं असं दुहेरी सत्य पेलू शकत नाहीत ही समजूत मोठ्यांची आहे. रानाच्या खेळात तीच मुलं एका फेरीत हरीण असतात, दुसरीत रान आणि तिसरीत लांडगा, आणि त्यांचा गोंधळ होत नाही. तेव्हा तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात लांडग्यासाठी अर्धं पान मिळालं, तर त्यावर चार जणांना जागा हवी: गवताला, चिंकाऱ्याला, लांडग्याला आणि मेंढक्याला. आणि जमलं तर तो तास माळावर घ्यावा, गुरुजींनी त्या दिवसापुरतं मुलांत बसावं आणि शिकवायला मेंढक्याला बोलवावं.